वेलांटी आधी की नंतर?

एच, के, ए, एम, के, जे, के. संगणकाच्या पडद्यावर ही सात रोमन अक्षरं ओळीने दिसली तर परगावचा माणूस चक्रावेल. आमच्याकडचा जुना डीटीपीवाला मात्र ती क्षणात ‘भंडारा’ अशी वाचेल. कृतिदेव फॉन्टात टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की आमच्या जिल्ह्याचं नाव असं दिसतं. यंत्राच्या लेखी ती फाइल कधी मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांची रांग होती आणि तिच्या अंगावर देवनागरीचे कपडे चढवलेले होते.

आधी टंकलेखन आणि मग संगणक शिकवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. आता मी अशा फायली गोळा करते. गावोगावच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, कविसंमेलनांच्या पत्रिका, शाळांचे वार्षिकांक, दंडारीच्या संहिता. बहुतेक १९९२ ते २०१० या काळातल्या. छापील प्रती वाळवीने आणि पावसाने नेल्या, फ्लॉप्या बुरशीने नेल्या, काही सीडी तेवढ्या उरल्या. त्यातल्या फायली उघडतात, पण वाचता येत नाहीत. १९१० साली छापलेलं मराठी पुस्तक माझी नात वाचू शकते आणि २००१ साली टाइप केलेला अहवाल वाचायला तिला माझ्यासारखी जुनी बोटं लागतात. हे का झालं, याचा शोध घेताना मला वाटलं होतं त्याहून वेगळं उत्तर हाती लागलं. मराठीसाठी प्रमाण नव्हतंच, असं मी धरून चालले होते. प्रमाण होतं, चांगलं होतं आणि वेळेवर आलेलं होतं. ते वैनगंगेपर्यंत पोचलं नाही.

नमुना आणि त्याची शिस्त या गोष्टी भंडाऱ्याला नव्या नव्हत्या. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. राज्य बदललं तरी १९५४ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता विदर्भात आणखी दहा-अकरा वर्षं चालली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची, ती अमलात आली १५ ऑगस्ट १९६७ला. पुढे १९७१च्या नियमांनी अधिकार अभिलेखाचे नमुने ठरवून दिले. खसऱ्यावर वाढलेल्या पिढीला सातबारा शिकावा लागला. ‘पटवारी’ हा शब्द मात्र तिने सोडला नाही. आमच्याकडे अजूनही तलाठ्याला पटवारीच म्हणतात. पण एकदा शिकल्यावर त्या पिढीला तो कागद असा पाठ झाला की अक्षरओळख नसलेला शेतकरीही उजवीकडच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात काही लिहिलेलं दिसलं की विचारायचा, ‘बोजा चढवला का?’ पवनीचा कागद असो की तुमसरचा, रकाना त्याच जागी. संगणकाच्या जगात ज्याला इंटरफेसची सुसंगती म्हणतात, ती हीच. जागा बदलत नाही, नाव बदलत नाही, म्हणून माणसाला प्रत्येक वेळी नव्याने शिकावं लागत नाही.

टंकलेखन यंत्राने अशीच शिस्त बोटांना लावली. देवनागरी यंत्रावर अडचण जागेची होती. कळा इंग्रजीपुरत्या आणि अक्षरं त्यांच्या कितीतरी पट. म्हणून अर्धी अक्षरं कळांवर घेतली आणि काना जोडून ती पूर्ण करायची पद्धत बसवली. भ हवा तर आधी अर्धा भ्, मग काना. वरच्या सात अक्षरांत ‘के’ तीनदा येतो, तो हा काना. पहिला भ पूर्ण करतो, बाकीचे दोन खरे काने. ऱ्हस्व वेलांटीची गंमत आणखी वेगळी. आपण ‘कि’ म्हणताना आधी क उच्चारतो आणि मग इ. कागदावर मात्र वेलांटी डावीकडे येते आणि यंत्राचा गाडा एकाच दिशेने सरकतो. म्हणून रेमिंग्टन पद्धतीत आधी वेलांटी ठोकायची, मग क. यंत्रासाठी लिपीच बदलावी असेही प्रयत्न झाले. सावरकरांची ‘अ’ची बाराखडी जुन्या वाचकांना आठवत असेल. १९५३च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेऊन तिचा दांडा आखूड करावा असं सुचवलं होतं. लोकांनी ते स्वीकारलं नाही. लिपी तशीच राहिली, बोटं वळली. मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस शब्द, अशा शासकीय परीक्षा हजारो मुलामुलींनी दिल्या आणि त्या प्रमाणपत्रावर कचेऱ्यांत नोकऱ्या मिळवल्या. ‘वेलांटी आधी’ हा नियम अशा रीतीने पोटापाण्याशी बांधला गेला. पुढच्या सगळ्या कथेत ही गाठ लक्षात ठेवावी लागते.

मी १९९० साली संगणक शिकायला रोज एसटीने नागपूरला जात असे. तेव्हाचा पीसी म्हणजे काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. प्रत्येक प्रोग्रॅम हा वेगळा देश होता आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. वर्डस्टारमध्ये लिहिलेलं राखायचं तर कंट्रोल आणि के, मग एस. राखून बाहेर पडायचं तर के आणि एक्स. लोटसमध्ये आधी तिरकी रेघ दाबायची, मग फाइलचा एफ, मग एस. डीबेसमध्ये कंट्रोल-डब्ल्यू. वर्डपरफेक्टमध्ये एफ-१०. मदत हवी तर लोटसमध्ये एफ-१, पण वर्डपरफेक्टमध्ये एफ-३, आणि तिथे एफ-१ दाबलं तर हातातलं काम रद्द. वर्डपरफेक्टच्या कंपनीलाही हे जड जातं हे माहीत होतं. म्हणून ती फंक्शन कळांभोवती बसणारी एक पट्टी खोक्यात देत असे. नुसत्या कळीसाठी काळी अक्षरं, शिफ्टसाठी हिरवी, ऑल्टसाठी निळी, कंट्रोलसाठी लाल.

आमच्या वर्गात ती पट्टी नव्हती आणि पुस्तकही नव्हतं. त्या काळच्या बहुतेक वर्गांसारखं तिथलं सॉफ्टवेअर फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवलेलं होतं. अमेरिकेत आयबीएमने १९८१च्या पहिल्या पीसीबरोबर कापडी बांधणीच्या छोट्या रिंग-फाइलमध्ये, खोळीत घातलेली माहितीपुस्तकं दिली आणि पुढे इतर कंपन्यांनी तोच थाट उचलला. त्यातलं आमच्यापर्यंत काही आलं नाही. आमचं मॅन्युअल म्हणजे दोनशे पानी वही. मास्तर फळ्यावर लिहीत, आम्ही उतरवून घेत असू. माझ्या वहीत चार रकाने आहेत, प्रत्येक प्रोग्रॅमचा एक, आणि डावीकडे मराठीत क्रिया: ‘राखणे’, ‘पुसणे’, ‘छापणे’, ‘बाहेर पडणे’. कोणाच्या सांगण्यावरून मी हे शब्द घातले ते आठवत नाही, पण पुढे पंधरा वर्षांनी पडद्यावर आलेल्या शब्दांपेक्षा ते मला अजूनही बरे वाटतात.

या गोंधळाचा कंटाळा तिकडेही आला होता. ॲपलने मॅकिंटॉशसाठी सगळ्या प्रोग्रॅमांनी मेनू कुठे ठेवावेत, त्यांना काय म्हणावं, प्रश्न विचारणारी चौकट कशी असावी, याचे नियम केले आणि १९८७मध्ये ते पुस्तकरूपाने काढले. त्याच वर्षी आयबीएमने ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ नावाची नियमावली आणली. एफ-१ म्हणजे मदत, ऑल्ट-एफ-४ म्हणजे खिडकी बंद, वरच्या पट्टीत पहिलं नाव ‘फाइल’ आणि शेवटचं ‘हेल्प’. आज हे निसर्गनियमासारखं वाटतं, पण ते कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. कापणं-चिकटवणं मात्र आयबीएमच्या नियमावलीप्रमाणे टिकलं नाही. तिथे ॲपलच्या एक्स, सी, व्ही या कळा विंडोजमध्ये आल्या आणि त्याच जगाने घेतल्या. कारण तर्काचं नाही, हाताचं आहे. त्या कळा डाव्या हाताखाली शेजारीशेजारी आहेत.

सगळ्यांनी एकसारखं करायचं तर पहिल्यांदा केलेल्याचा हक्क काय, हा प्रश्नही त्या काळात कोर्टात गेला. बोरलँड कंपनीने आपल्या क्वाट्रो प्रोग्रॅममध्ये लोटसच्या मेनूची अख्खी रचना घेतली. ४६९ आज्ञा, पन्नासहून जास्त मेनूंमध्ये मांडलेल्या. लोटसवर हात बसलेल्या माणसाला नवं शिकायला लागू नये, हा बोरलँडचा बचाव. मार्च १९९५मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की मेनूची ही मांडणी म्हणजे यंत्र चालवण्याची पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट सांगता येत नाही. जानेवारी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चार विरुद्ध चार असे विभागले गेले आणि खालचा निकाल कायम राहिला. हे प्रकरण मी मुद्दाम सांगते आहे. मांडणी ही मालमत्ता की सार्वजनिक वाट, हा प्रश्न आपल्याकडे कोर्टात गेला नाही. तो दुकानांच्या गल्ल्यांवर सुटला आणि उलटा सुटला.

आपल्याकडचं काम खरं तर याच सुमाराला आणि मोठ्या दूरदृष्टीने झालं होतं. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकावर संशोधन चालू होतं. १९८३च्या दिल्लीतल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तिथला देवनागरी संगणक लोकांना दाखवला गेला. त्या कामातून ‘जिस्ट’ हे तंत्र उभं राहिलं आणि १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे यांच्याबरोबर ते पुण्यात आलं. जिस्टचं कार्ड पीसीत बसवलं की वर्डस्टार, डीबेस हेच प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागत. कळफलकासाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी ठरवली, आणि अक्षरं यंत्रात कोणत्या अंकांनी साठवायची याचं ‘इस्की’ हे प्रमाण आधी विभागाने केलं, मग १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केलं.

मी इनस्क्रिप्ट शिकले ते बरंच उशिरा आणि शिकल्यावर हळहळले. त्या मांडणीत स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला आहेत, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ख शिफ्टने. त आणि थ तसेच. ल आणि ळ एकाच कळीवर. बाराखडी येणाऱ्या माणसाला अर्धा फलक आपोआप कळतो. आणि जिथे मराठीत क, तिथेच तेलुगूत, बंगालीत, गुजरातीतही क. यंत्रात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची. वेलांटी डावीकडे दाखवायची की उजवीकडे, ते दाखवण्याच्या वेळी यंत्राने बघायचं. लखनौ परिषदेला जे लिपी मोडून करावंसं वाटलं होतं, ते इथे लिपीला हात न लावता झालं. योगायोग असा की ऱ्हस्व वेलांटी दोन्ही पद्धतींत एफच्याच कळीवर आहे. रेमिंग्टनमध्ये ‘कि’ म्हणजे आधी एफ मग डी, इनस्क्रिप्टमध्ये आधी के मग एफ. तेवढ्या एका उलटापालटीने चाळीसच्या वेगाचा टंकलेखक दहाच्या वेगावर येतो. बोटं थांबतात, विचार करू लागतात, आणि विचार करणारं बोट टंकलेखनाला निरुपयोगी असतं.

मी शिकवत होते तेव्हा माझ्यासमोर बसलेल्या मुलींना परीक्षा रेमिंग्टनची द्यायची होती. नोकरीची जाहिरात त्या प्रमाणपत्राची होती. त्यांना मी भारतीय मानक शिकवलं असतं तर त्या नापास झाल्या असत्या. यंत्रावरची परीक्षा जाऊन संगणक टंकलेखनाची आली तेव्हाही बोटांची जुनी सवय बरोबर आली. दिल्लीत ठरलेल्या प्रमाणाला जिल्ह्यात यायला परीक्षेचं दार होतं आणि ते त्याच्यासाठी उघडलं नाही.

दुसरं दार दुकानाचं. विंडोज आली, लेझर प्रिंटर आले आणि १९९५नंतर दहा वर्षांत गावोगावी डीटीपीची दुकानं झाली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पोस्टर. या धंद्याला सुबक अक्षर हवं होतं आणि तेही आजच्या आज. जिस्टचं कार्ड महाग. फॉन्टची फ्लॉपी कोणाकडूनही मिळे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचेच डीव्ही-टीटी सुरेख आणि योगेश, बंगळुरूचं आकृती, आणि हिंदीच्या बाजूने आलेलं कृतिदेव. आमचा जिल्हा बालाघाटला लागून. छापखान्यांचा व्यवहार दोन्ही भाषांत. त्यामुळे पुण्यात श्रीलिपी, तर आमच्या बाजारात कृतिदेव जास्त, असं माझ्या पाहण्यात आलं. प्रत्येक फॉन्टने इंग्रजीच्या घरांत मराठी अक्षरं आपापल्या मर्जीने बसवलेली. एकाचा क दुसऱ्याचा प. आपल्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात उघडू नये, यात विकणाऱ्याचं नुकसान नव्हतं. गिऱ्हाईक बांधलेलं राहत होतं. लोटसला कोर्टात जे मिळालं नाही, ते इथल्या फॉन्टवाल्यांना कोणी न विचारता मिळालं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी मराठी छपाई जगवली, अक्षरांची वळणं सांभाळली. पण हे शासनाच्या डोळ्यांसमोर झालं आणि शासनाच्या कचेऱ्यांतही झालं.

युनिकोडने हा तिढा सोडवला असं आपण म्हणतो आणि ते बरंचसं खरं आहे. १९९१च्या युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता १९८८च्या इस्कीवरून घेतलेला आहे. म्हणजे आपल्या फोनवरची मराठी आतून त्याच कानपूर-पुण्याच्या कामाची वंशज आहे. विंडोज २०००बरोबर आलेला मंगल फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. तरीही बारीक फटी राहिल्या आणि त्या नेमक्या मराठीच्या वाट्याला आल्या. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धचंद्रासारखा र घ्या. तो दोन रीतींनी टाइप करता येतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. एका रीतीने शोधलं की दुसऱ्या रीतीने लिहिलेलं सापडत नाही. ‘ॲ’चं तसंच. स्वतंत्र अक्षर म्हणून त्याला युनिकोडमध्ये २००८ साली जागा मिळाली; त्याआधी अ लिहून वर चंद्र चढवत, आणि अजूनही चढवतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवली, तीत ॲ आणि ऑ धरून चौदा स्वर आहेत. निर्णय उत्तम. कळफलकापर्यंत तो किती पोचला हे पाहायचं तर कोणत्याही कचेरीत ‘ॲड.’ हा शब्द टाइप करायला सांगावा.

जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यांची परीक्षा याच र वर होते. एका आश्रमशाळेच्या हिशेबात मूळ मजकूर ‘आचाऱ्यांना मानधन’ असा होता. बदलून आला तो ‘आचार्यांना मानधन’. स्वयंपाक्याला अशी बढती मिळालेली मी प्रथमच पाहिली.

अक्षरांनंतर शब्द. पडद्यावरच्या आज्ञा मराठीत आल्या त्या विंडोज एक्सपीच्या काळात, भाषेच्या जोडपॅकमधून. त्यात सर्वांत जास्त वापराचा भाग मराठी होई; खोल गेलं की मागचं इंग्रजी वर येई, आणि मदतीची पानं बहुतांश इंग्रजीच राहत. याच सुमाराला मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनीही स्वतंत्रपणे भाषांतरं केली. सेव्ह या एका आज्ञेला ‘जतन करा’, ‘साठवा’, ‘सुरक्षित करा’ आणि ‘सेव्ह करा’ अशी चार रूपं मी स्वतः पाहिली. फाइल कुठे ‘फाइल’, कुठे ‘धारिका’, कुठे ‘संचिका’. पुण्यात २००८च्या सुमारास रेड हॅटच्या भाषांतरकारांनी ‘फ्युएल’ नावाचा उपक्रम सुरू केला. वारंवार लागणाऱ्या काहीशे शब्दांची यादी करायची, ती सगळ्यांनी मिळून तपासायची आणि सगळ्यांनी वापरायची. ही साधी आणि शहाणी कल्पना होती. पण मोठ्या कंपन्यांचे आपापले शब्दकोश आधीच झालेले होते.

शब्द ठरवण्याचा आपला जुना अनुभवही आहे. १९६० साली भाषा संचालनालय झालं, १९६२ साली पदनाम कोश आला आणि ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची टिंगल झाली. तरी ‘जिल्हाधिकारी’, ‘गटविकास अधिकारी’ आज कोणाला खटकत नाहीत. पाट्या, शिक्के, पत्रं, सगळीकडे एकच शब्द आला म्हणून तो रुळला. शब्द सुंदर आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम होता. संगणकाच्या बाबतीत पडद्यावर एक आणि पुस्तकात दुसरा अशी गत झाली. माझी एक विद्यार्थिनी, मोहाडीकडची, मराठी पुस्तक घेऊन शिकत होती. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक मिटून ठेवलं. म्हणाली, “मॅडम, पुस्तकात जतन लिवलं हाये, यात त साठवा हाये जी. मले इंग्लिशच सांगा.” तिचं बरोबर होतं. इंग्रजी न येणारी मुलगी इंग्रजी पडद्याकडे गेली, कारण तो पडदा तरी आपल्या पुस्तकाशी प्रामाणिक होता. २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ झालं आणि एमएस-सीआयटी राज्यभर पसरली, तिच्या यशाचं एक कारण मला हेच दिसतं. त्या अभ्यासक्रमाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मीही ठेवली आहेत. पण साकोलीच्या केंद्रात आणि सावंतवाडीच्या केंद्रात एकच पुस्तक, एकच क्रम आणि एकच परीक्षा होती.

याच्या उलट उदाहरण अलीकडचं आहे आणि ते मला फार आवडतं. ई-पीक पाहणीचं ॲप १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालं. शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून आपलं पीक नोंदवायचं. ॲपमध्ये अडचणी पुष्कळ आल्या. बांधावर नेटवर्क नसतं, फोटो चढत नाही. पण आज्ञांचे शब्द बघा: ‘पीक माहिती नोंदवा’, ‘कायम पड क्षेत्र’, ‘बांधावरची झाडे’. लाखांदूरचा धानकरी ‘कायम पड’ला अडखळला असं मी पाहिलं नाही. तो शब्द त्याच्या हातातल्या कागदावर कित्येक वर्षं होता. गाव नमुन्यातून उचलून तो पडद्यावर ठेवला गेला. अडखळतो तो ‘अपलोड’च्या पुढे काय झालं तिथे, कारण ते सांगणारं वाक्य कागदावर कधी नव्हतं. मराठी पडद्यासाठी शब्द शोधणाऱ्यांनी शब्दकोशाआधी पतपेढीची पावती, रेशनकार्ड आणि सातबारा पालथे घातले असते तर अर्धी यादी तयार मिळाली असती.

माझ्या गोळा केलेल्या फायलींत सर्वांत जड काम दंडारीच्या संहितांचं आहे. त्या झाडीबोलीत आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांच्या झाडीबोलीच्या कोशामुळे आणि अभ्यासामुळे या बोलीचं स्वरूप आता अभ्यासकांना माहीत आहे: तिच्यात ण नाही, ळ नाही, श आणि ष नाहीत. पाणी म्हणजे ‘पानी’, शाळा म्हणजे ‘सारा’. इथे एकसारखेपणाची दुसरी बाजू समोर येते. कृतिदेवमधून युनिकोडमध्ये आणलेली एक संहिता मी शुद्धलेखन तपासनीस चालू असलेल्या यंत्रावर एका मुलाला नीट लावायला दिली. पान लाल रेघांनी भरून गेलं. त्याने बिचाऱ्याने निष्ठेने प्रत्येक रेघेवर उजवं बटण दाबून यंत्राने सुचवलेला शब्द स्वीकारला. दंडारीतला गडी पुस्तकी मराठी बोलू लागला. सोंगाड्याच्या तोंडी ‘पाणी’ आणि ‘शाळा’ आली, आणि दोन ठिकाणी यंत्राला शब्दच न कळल्याने भलताच शब्द येऊन बसला. जुन्या फॉन्टातली फाइल वाचता येत नव्हती, पण तिच्यात बोली शाबूत होती.

मूळ सीडी अजून चालते आहे. कृतिदेव बसवलेला एक जुना संगणक मी त्यासाठी वेगळा ठेवला आहे. डाव्या पडद्यावर मूळ, उजव्या पडद्यावर नवी प्रत, तपासनीस बंद. ज्या ज्या ठिकाणी यंत्राने ण केला तिथे परत न, ळ केला तिथे र. शंका आली की कोश उघडायचा, नाहीतर साकोलीकडच्या एका वृद्ध शाहिरांना फोन करून ओळ म्हणायला सांगायची. त्यांना फाइल दिसत नाही, पण चाल पाठ आहे. चुकीचं अक्षर आलं की ते चालीत बसत नाही म्हणतात. चौसष्ट पानांपैकी एकोणतीस झाली आहेत.